शेजार, मान आणि हक्क

1924 च्या डिसेंबरचा शेवटचा आठवडा. बेळगावच्या टिळकवाडीच्या माळावर काँग्रेसच्या अधिवेशनासाठी ‘विजयनगर’ नावाचे तात्पुरते गाव वसले होते. पाण्यासाठी खोदलेली विहीर ‘पंपा सरोवर’ म्हणून ओळखली जात होती. आज बेळगावकर तिला काँग्रेस विहीर म्हणतात. गंगाधरराव देशपांडे स्वागताध्यक्ष होते. महात्मा गांधी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते याच माळावर. त्यांच्या आधीचे अध्यक्ष होते मौलाना मोहम्मद अली. त्याच मौलानांच्या दिल्लीतल्या घरी गांधीजींनी सप्टेंबर-ऑक्टोबरात हिंदू-मुस्लिम ऐक्यासाठी एकवीस दिवसांचा उपवास सुरू केला होता. सरहद्दीवरच्या कोहाट गावात दंगल होऊन तिथले हिंदू गाव सोडून गेले होते, त्याला साडेतीन महिनेच झाले होते. अधिवेशनाला कोहाटवर ठराव करावा लागला.

त्याच सुमारास बेळगावात पंडित मदनमोहन मालवीयांच्या अध्यक्षतेखाली हिंदू महासभा भरली, खिलाफत परिषदही भरली. गोरक्षण परिषदेचे अध्यक्षपद गांधीजींनीच घेतले. गाय वाचवण्यासाठी मुसलमानावर जबरदस्ती करायची नाही, आपल्या गुरांचे हाल आधी थांबवायचे, ही त्यांची भूमिका गोरक्षकांना रुचणारी नव्हती. तरी ती त्यांच्याच मंडपात मांडली गेली. परस्परांवर संशय असलेले लोक आठवडाभर एका गावात राहिले आणि एकमेकांच्या कानावर पडेल अशा बेताने बोलले.

या गावाला वेगळ्या धर्माच्या शेजाराची सवय मात्र फार जुनी आहे. बेळगावच्या किल्ल्यात 1204 साली रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने बांधलेली कमल बस्ती आहे, आत नेमिनाथ. थोड्या अंतरावर सफा मशीद, विजापूरचा सरदार असदखान लारी याची. दरवाजापाशी दुर्गादेवी आणि गणपती. शिकागोच्या सर्वधर्म परिषदेच्या अकरा महिने आधी, ऑक्टोबर 1892 मध्ये, एक बंगाली संन्यासी कोल्हापूरहून बेळगावला आला. आधी वकील भाटे यांच्याकडे आणि मग वनाधिकारी हरिपद मित्र यांच्याकडे उतरला. इथून विवेकानंद गोव्याला गेले, ते राशोलच्या सेमिनरीत ख्रिस्ती धर्मशास्त्राचे जुने ग्रंथ पाहण्यासाठी. मित्र यांचे ते किल्ल्यातले घर आज रामकृष्ण मिशनच्या आश्रमात आहे.

किल्ल्याचे हे चित्र गोड करून सांगण्यात अर्थ नाही. मशिदीत जुन्या देवळांचे कोरीव खांब वापरलेले दिसतात. तिथे कुणी जिंकले, कुणी हरले. त्या खांबांकडे बघून आजच्या नमाजीकडे हिशेब मागायचा नाही, हे ठरवावे लागते. आपोआप होत नाही.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागाच्या गावोगावी हे कसे ठरले, ते पाहायचे तर निपाणीचा उरूस पाहावा. हजरत पीराने पीर दस्तगीर यांचे हे स्थान संत बाबामहाराज चव्हाण यांनी प्रतिष्ठापित केले अशी श्रद्धा आहे. दस्तगीर म्हणजे बगदादचे शेख अब्दुल कादिर जिलानी, बाराव्या शतकातले, म्हणजे कल्याणच्या बसवण्णांचे समकालीन. उरुसाचा पुढाकार चव्हाण घराण्याच्या वारसांकडे. गंध निघतो, गलेफ चढतो, फकिरांचा मान होतो, आणि दंडवत घालत येणाऱ्याला जात-धर्म कुणी विचारत नाही. सौंदत्ती तालुक्यातल्या हिरेबिदनूरमध्ये एकही मुस्लिम घर नाही, तरी फकिरेश्वराच्या मशिदीत मोहरम होतो. पूजा करणारा हिंदू, नाचणारे हिंदू. कृष्णेच्या काठी कुरुंदवाडला काही गणपती मशिदीत बसतात, तिथेच आरती होते.

असे प्रसंग वर्तमानपत्रे ‘ऐक्याचे दर्शन’ म्हणून छापतात आणि पुढच्या पानावर जातात. त्यामागची रचना पाहायला हवी. ही माणसे ईश्वर एकच आहे की अनेक, यावर एकमत करून एकत्र आलेली नाहीत. पिराला पुनर्जन्म मान्य होता का, हे कुणाच्या मनातही येत नाही. इथे ठरलेले असतात ते मान: ऊद कुणाचा, पंजा कुणी उचलायचा, नैवेद्य कुणाच्या घरचा, वाजंत्री कोणत्या गल्लीची. ज्याचा मान आहे तो आला नाही तर उरूस अडतो. श्रद्धा वेगळी असली तरी दुसऱ्याच्या देवाच्या दारात माणसाला काम असते, आणि काम असलेला माणूस परका उरत नाही. पश्चिमेकडच्या तत्त्वज्ञांनी सहिष्णुतेचा विचार बहुधा ‘न आवडणारे खपवून घेणे’ असा केला. निपाणीत कुणी काही खपवून घेत नाही. उरूस त्यांचाच असतो.

हीच गोष्ट पोटापाण्याच्या जागी जास्त घट्ट होते. निपाणी म्हणजे तंबाखू. वखारीतल्या धुरळ्यात, खोकत, तोंडाला पदर बांधून वेगवेगळ्या जातिधर्मांच्या बायका एका रांगेत बसल्या; मजुरी सगळ्यांची सारखीच कमी होती. त्यांच्या संघटनेच्या लढ्यावर 1982 मध्ये ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट निघाला. त्याच्या आदल्या वर्षी तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली पुणे-बंगळूर रस्ता अडवला. 6 एप्रिल 1981 ला पोलिसांनी गोळीबार केला आणि शेतकरी मारले गेले. आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातल्या दंगलींचा अभ्यास 2002 मध्ये पुस्तकरूपाने मांडला. त्यातला मुख्य मुद्दा असा: शेजाऱ्यांच्या रोजच्या गाठीभेटी लहान गावाला पुरतात, शहराला पुरत नाहीत. शहरात दोन्ही धर्मांचे लोक ज्यांत सभासद आहेत अशा संघटना, व्यापारी मंडळे, कामगार संघ असतील तर अफवा तिथेच अडते. निपाणीच्या वखारी ते काम नकळत करत होत्या.

इथे थांबले तर लेख सुखावह होईल, पण अर्धा राहील. बेळगावच्या अधिवेशनाला चार महिने व्हायच्या आत, एप्रिल 1925 मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर निपाणीत बहिष्कृत परिषदेत बोलले. काँग्रेसने बेळगावात सभासदत्वासाठी सूतकताईची अट मान्य केली होती. आंबेडकरांनी विचारले ते असे: गांधीजी खादीवर आणि हिंदू-मुस्लिम ऐक्यावर देतात तेवढा भर अस्पृश्यता निवारणावर देत असते, तर सुताप्रमाणे तीही सभासदत्वाची अट का झाली नाही? गांधीजींच्या सहानुभूतीचे मोल ते नाकारत नव्हते. ती पुरेशी नाही, एवढे सांगत होते.

या प्रश्नाने मानाची सगळी रचना उघडी पडते. ज्या गावात मुसलमानाला मिरवणुकीत ठरलेली जागा होती, त्याच गावात महाराला पाणवठ्यावर जागा नव्हती. त्यालाही मान होता, तो वेशीबाहेरचा. रूढी ज्याला सामावून घेते त्याची पायरीही तीच ठरवते. वरच्याने खालच्याला दिलेली सवलत वरचा कधीही काढून घेऊ शकतो. सहिष्णुतेचा पाया मेहेरबानी असेल तर तो असा कच्चा राहतो.

विचारवंतांची धडपड तो पक्का करण्याचीच होती. अशोकाच्या बाराव्या शिलालेखात सर्व पंथांना सारखा आदर आहे, आणि त्याची पहिली अट जिभेवर ताबा ही आहे. दुसऱ्याच्या पंथाची निंदा करणारा आपल्याच पंथाला इजा करतो. सत्ताधारी राजा हे आधी स्वतःला बजावतो, म्हणून त्याला वजन आहे. निपाणीजवळच्या स्तवनिधीला 1899 मध्ये दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली. त्या परंपरेतला अनेकांतवाद सांगतो की वस्तूच्या बाजू अनेक, आणि एका नजरेत त्या मावत नाहीत. वादात प्रतिपक्षाला हरवण्यासाठीही हा सिद्धांत पुष्कळ वापरला गेला, तरी आपल्या म्हणण्याला मर्यादा आहे हे तो शिकवतोच. इंग्लंडच्या जॉन लॉकने 1689 मध्ये वेगळे कारण दिले: तलवारीने माणूस गुडघे टेकतो, त्याचा विश्वास बदलत नाही. पण लॉकने नास्तिकांना सवलत दिली नाही. देणाऱ्याच्या हातात यादी असली की कुणीतरी यादीबाहेर राहतो. राज्यघटनेच्या 25 व्या कलमाने ती यादी फाडली. सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य तिथे प्रत्येक व्यक्तीला आहे, ते कोणत्याही समाजाच्या मर्जीवर नाही. त्याच कलमात हिंदूंच्या सार्वजनिक धर्मस्थळांची दारे सर्व हिंदूंना उघडण्याची तरतूद आहे. निपाणीतला प्रश्न आणि कोहाटचा प्रश्न तिथे एका ठिकाणी आले.

गेल्या काही वर्षांत सीमेच्या दोन्ही बाजूंना या पायाला तडे गेले आहेत. सप्टेंबर 2021 मध्ये खानापूरजवळ रेल्वेरुळांवर एका मुस्लिम तरुणाचा मृतदेह सापडला. हिंदू मुलीवरच्या प्रेमातून त्याचा खून झाल्याचे पोलिसांनी सांगितले. त्याच डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधात विधानसभेने धर्मांतरविरोधी विधेयक मंजूर केले. जून 2023 मध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून कोल्हापूर पेटले. 1906 मध्ये शाहू महाराजांनी मोहमेडन एज्युकेशन सोसायटी काढली, ते हे कोल्हापूर. जुलै 2024 मध्ये विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात मशिदीची मोडतोड झाली. या भागात उरूस बंद पडलेले नाहीत. वर्षातले ते चार दिवस टिकले. बाकीच्या दिवसांतले एकत्र काम, एकत्र शाळा, एका चाळीतले बिऱ्हाड कमी होत गेले. मुसलमान भाडेकरूला घर नाकारणारा घरमालक उरुसाला नारळ घेऊन जातो आणि त्याला त्यात विसंगती वाटत नाही. काळजी करण्यासारखे खरे हे आहे.

2023 मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद 28 सप्टेंबर या एकाच तारखेला आली. बेळगावच्या मुस्लिम पुढाऱ्यांनी ईदचा जुलूस पुढे ढकलला. महाराष्ट्रातही अनेक शहरांत तसेच झाले. त्याच वर्षी आषाढी आणि बकरी ईद एका दिवशी आली, तेव्हाही अनेक गावांच्या मुसलमानांनी त्या दिवशी कुर्बानी दिली नाही. निर्णय उदार होता, त्याचे कौतुक व्हायलाच हवे आणि झालेही. हिजरी वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने सणांची ही गाठ पुन्हा पडणारच. सण जवळ आला की पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक बसते. पुढच्या वेळी त्या बैठकीत गणेशोत्सव मंडळांपैकी कुणीतरी उठून ‘या खेपेला आमच्या मिरवणुकीची वेळ आम्ही बदलतो’ असे म्हणावे. तारीख नको, नुसती वेळ.