तीन तास वीस मिनिटांपासून दहा दिवसांपर्यंत

झाकिर हुसेन समितीने डिसेंबर १९३७ मध्ये आखलेले वेळापत्रक आजच्या शिक्षकापुढे ठेवले, तर तो आधी छपाईची चूक शोधू लागेल. शाळा साडेपाच तासांची. त्यातले तीन तास वीस मिनिटे मूळ हस्तोद्योगाला. मातृभाषेला चाळीस मिनिटे, गणित, संगीत आणि चित्रकला मिळून चाळीस, समाजशिक्षण व सामान्य विज्ञानाला अर्धा तास, व्यायामाला दहा मिनिटे आणि मधल्या सुट्टीला दहा. पण चूक कुठेच नव्हती. टकळी फिरवता फिरवता मुलाने धाग्याची लांबी मोजावी, वजन करावे, हिशेब मांडावा, कपाशी कोणत्या जमिनीत येते आणि तिचा भाव कोण ठरवतो हेही विचारावे, अशी ती कल्पना होती.

ही योजना, म्हणजेच नई तालीम, जन्मली वर्ध्यात. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तिथे शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम, उत्पादक हस्तोद्योगाचे केंद्र आणि त्या उत्पन्नातून हळूहळू शिक्षकांचा पगार निघावा, असे चार मुद्दे परिषदेने मान्य केले. या चौथ्या मुद्द्यामागे रोकडा पेच होता. प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे नुकतीच आली होती. दारूबंदी करायची होती आणि शाळांचा खर्च बराचसा दारूच्याच महसुलावर चालत होता. दारूबंदी आणि शाळा यांपैकी एकच निवडायची पाळी येऊ नये, म्हणून शाळेनेच आपला खर्च काढावा, हा गांधीजींचा तोडगा. पुढच्या वर्षी हरिपुरा काँग्रेसने योजना उचलून धरली आणि सेवाग्रामात हिंदुस्थानी तालीमी संघाचे काम आर्यनायकम दांपत्याने उभे केले.

मात्र शेती आणि शाळा यांची सांगड पहिल्यांदा वर्ध्यात घातली गेली, असे म्हणणे जोतीराव फुल्यांवर अन्याय करणारे आहे. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी खेड्यातल्या शाळेसाठी मोडी, बालबोध आणि हिशेबाबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान मागितले होते. प्रत्यक्ष शिकवायला शाळेला लहानसे नमुना शेत जोडावे, असेही सुचवले होते. वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरू शकेल असा मास्तर त्यांना हवा होता, आणि त्याला पगार चांगला हवा होता. शिवाय रयतेच्या करातून वरच्या वर्गाचे उच्च शिक्षण चालते, हा हिशेबही त्यांनी सरकारपुढे मांडला होता. फुल्यांच्या मागणीत हातकाम होते, पण ते मुलाने शाळेचे पैसे फेडावेत म्हणून नव्हते. मला हा फरक लहान वाटत नाही.

कारण वर्धा जिल्ह्यातल्याच आष्टीच्या बाजूने पाहिले की चौथा मुद्दाच आधी बोचतो. कापसाचा हा मुलूख. इथल्या कास्तकाराच्या पोराला कापूस शाळेने दाखवावा लागत नव्हता. वेचणीच्या दिवसांत तर त्याच कापसापायी शाळा बुडायची. घरी वेचायचा आणि शाळेत जाऊन कातायचा, तर शाळेने नवे काय दिले, असे त्याच्या बापाला वाटले असेल तर त्याला अडाणी म्हणता येणार नाही. परिषदेतच अर्थतज्ज्ञ के. टी. शहांनी स्वावलंबनाच्या कलमावर आक्षेप घेतला होता. खुद्द झाकिर हुसेन समितीनेही इशारा दिला होता, की कमाईवरच डोळा ठेवला तर मुलांचे शिक्षण बाजूला पडेल आणि मजुरी उरेल.

मग १९४२ चे ‘चले जाव’ आंदोलन आले. १६ ऑगस्टला आष्टीचे लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले, गोळीबार झाला, माणसे गेली. त्याच दिवशी चिमूरही पेटले होते. या लोकांवर तुकडोजी महाराजांच्या खंजिरीचा प्रभाव होता. त्याच महाराजांनी पुढे ग्रामगीतेत जीवन शिक्षणावर स्वतंत्र अध्याय लिहिला. नई तालीम आश्रमाबाहेर पडून विदर्भातल्या खेड्याच्या बोलीत आली ती तिथे.

स्वातंत्र्यानंतरचा प्रवास आकसण्याचा आहे. घटनेच्या कलम ४५ ने चौदा वर्षांपर्यंतच्या मोफत, सक्तीच्या शिक्षणासाठी दहा वर्षांची मुदत घातली. ते हक्क म्हणून प्रत्यक्षात लागू व्हायला १ एप्रिल २०१० उजाडले. मूलोद्योग शाळांच्या पाट्या लागल्या, पण शहरातल्या इंग्रजी शाळेला कुणी टकळी लावली नाही. योजना तिथेच मेली, असे माझे मत आहे. श्रम गरिबाच्या शाळेपुरते राहिले आणि पुस्तक श्रीमंताच्या. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात दोन्ही गोष्टी एकत्र मागितल्या होत्या: सर्वांना कार्यानुभव आणि सर्वांना समान शाळा. सरकारांनी पहिली घेतली, दुसरी फायलीत ठेवली. मग कार्यानुभव म्हणजे पुठ्ठा, डिंक, जिलेटीन कागद आणि आदल्या रात्री आईने करून दिलेले तोरण.

२०२० च्या राष्ट्रीय धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस बिनदप्तराचे आहेत. त्या दिवसांत सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाऊन शिकायचे. रोजच्या तीन तास वीस मिनिटांचे हे दहा दिवस झाले. तरीही ते फुकट घालवू नयेत. आष्टीच्या परिसरात संत्र्याच्या बागा आहेत. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा कसा बांधतात, आंबिया बहार धरायला झाडाचे पाणी तोडून ताण किती द्यायचा, पान कितपत सुकले म्हणजे थांबायचे, हे ज्याला हाताने कळते तो माणूस गावातच असतो. त्याला वर्गासमोर उभे करून टाळ्या वाजवणे पुरेसे नाही. मुलांनी त्याच्यासोबत बागेत राबावे, ताणाच्या नोंदी ठेवाव्यात, आणि त्या दहा दिवसांचा मोबदला त्याला शिक्षक म्हणून मिळावा.

शाळा व्यवस्थापन समितीत पालकांचे बहुमत कायद्यानेच ठेवले आहे. येत्या बैठकीत हा विषय घ्या. आणि तालुक्याच्या गावातल्या इंग्रजी शाळेची मुलेही त्या बागेत येणार का, हे त्याच बैठकीत विचारा.