बाईंनी घेतलेली परीक्षा

एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालय होतं. दाखल क्रमांक, लेखक, वर्गणीदार, कोणतं पुस्तक कोणाकडे गेलंय, सगळं एका फाईलमध्ये. देवघेवीचा प्रोग्राम ही फाईल एसक्यूलाइटमध्ये ठेवत असे. रिचर्ड हिप यांनी २००० साली आणलेल्या या डेटाबेसला वेगळा सर्व्हर लागत नाही. पेनड्राइव्हवर एक फाईल घेतली की अख्ख्या वाचनालयाची नोंद खिशात मावते. ती फाईल बिघडायलाही फार वेळ लागत नाही.

अडचण लेखकांच्या नावांची होती. कुठे 'पु. ल. देशपांडे', कुठे 'देशपांडे पु. ल.', कुठे नुसतं 'पुलं'. वाचक विचारायचा आणि कपाटातलं पुस्तक संगणकावर सापडायचं नाही. फाईल थेट उघडून नावं सारखी करायची, तर त्यासाठी साधन हवं. वाचनालय सांभाळणाऱ्या बाईंच्या मदतीला कॉलेजात शिकणारे दोन वाचक आले.

"बाई, डीबीव्हर घ्या," पहिला म्हणाला. "मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, काहीही उघडतं. उद्या मोठा सर्व्हर आला तरी हेच चालेल."

दुसऱ्याने डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट सुचवलं. ते मुख्यतः एसक्यूलाइटसाठीच आहे म्हटल्यावर पहिल्याला ते फारच किरकोळ वाटलं. दोन्ही फुकट मिळतात, तेव्हा पैशाचा प्रश्न नव्हता.

बाईंनी देवघेवीचा प्रोग्राम बंद करून मगच फाईलच्या दोन प्रती काढल्या. हे त्यांनी फार शहाणपणाचं केलं. प्रोग्राम चालू असताना ताज्या नोंदी कधीकधी शेजारच्या दुसऱ्या फाईलमध्ये थांबलेल्या असतात. एकटी मूळ फाईल उचलली तर त्या मागे राहतात.

"आता चूक करून दाखवा," बाई म्हणाल्या. "समजा, नाव बदलायला मी अपडेट लिहिलं आणि कोणत्या नोंदींत ते सांगणारं व्हेअर लिहायला विसरले."

डीबीव्हरमध्ये आज्ञा चालली आणि प्रतीतलं प्रत्येक पुस्तक पु. लं.च्या नावावर गेलं. ज्ञानेश्वरीसुद्धा. बदल हाताने कायम करायची सोय तिथेही आहे, पण ती आधी निवडावी लागते, आणि मुलाने ती निवडली नव्हती. दुसऱ्याच्या पडद्यावरही तोच गोंधळ उडाला. मात्र 'राईट चेंजेस' दाबेपर्यंत बदल कायम होत नव्हता. त्याने 'रिव्हर्ट चेंजेस' दाबलं आणि सगळी नावं जागेवर आली.

"आणि दोन्ही न दाबता मी जेवायला गेले तर?"

"मग तोवर फाईलला कुलूप राहील, बाई. काउंटरवर पुस्तकाची नोंद करता येणार नाही."

"म्हणजे हे काम सुट्टीच्या दिवशी करायचं."

डीबीव्हर उत्तम साधन आहे. रोज चार प्रकारचे डेटाबेस हाताळणाऱ्याला मी तेच घ्यायला सांगेन. इथे मात्र फाईल एक होती आणि ती उघडणारी व्यक्ती संगणकापेक्षा पुस्तकांत जास्त रमणारी.

बाईंनी डीबी ब्राउझर घेतलं. अपडेटच्या आज्ञा मात्र पहिल्या मुलाकडूनच लिहून घेतल्या, कारण त्याचं एसक्यूएल पक्कं होतं. सुट्टीच्या दिवशी तिघे बसले. प्रत्येक आज्ञेनंतर किती नोंदी बदलल्या ते बाई पाहायच्या, आकडा पटला तरच 'राईट चेंजेस' दाबायच्या. शेवटी फाईल शाबूत आहे ना हे पाहणारा इंटिग्रिटी चेक चालवला, उत्तर 'ओके' आलं. वाचनालयात अजून तेच साधन आहे आणि दुसऱ्याची गरज पडलेली नाही.