श्रद्धा कोणाची?

दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाला राष्ट्रपतिभवनाजवळचे मोठे चर्च निदान बाहेरून तरी परिचित असते. हेन्री मेड या वास्तुविशारदाने आखलेल्या आणि १९३१ साली उपासनेसाठी खुल्या झालेल्या या मंदिरावरून जाताना मला पुष्कळदा लक्ष्मीबाई टिळकांची आठवण होते. त्यांचा या वास्तूशी काही संबंध नव्हता. परंतु श्रद्धा म्हणजे काय, आणि ती माणसाची स्वतःची केव्हा होते, हा प्रश्न त्यांच्या चरित्राइतका दुसऱ्या कोठे स्पष्ट होत नाही.

नाशिकजवळच्या जलालपूर येथे १८६८ साली जन्मलेली ही गोखल्यांची मनू. वडिलांचे सोवळे इतके विलक्षण, की घरात आलेले वाणसामानदेखील धुऊन घेतले जाई. अकराव्या-बाराव्या वर्षी लग्न झाले ते नारायण वामन टिळकांशी. कवी, उदार, उतावळा आणि कोठेही फार काळ न टिकणारा असा हा पुरुष. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पत्नीवर आकाश कोसळले. लहानग्या दत्तूला घेऊन पुढील काही वर्षे त्यांनी नातलगांच्या आश्रयाने काढली.

येथे विचार करणाऱ्यास एक अवघड पेच पडतो. टिळकांनी आपल्या अंतःकरणाची आज्ञा पाळली. तसे न करावे, तर तो आत्मद्रोह. केले, तर त्याचे मोल दुसऱ्याने भरायचे! एकाची सदसद्विवेकबुद्धी जागी होते आणि दुसऱ्याचा संसार उद्ध्वस्त होतो. अशा वेळी धर्म कोणता? ज्यांच्या जीवनाशी आपले जीवन गुंतले आहे त्यांना न विचारता सत्याचा मार्ग धरण्याचा अधिकार माणसास आहे काय?

माझ्या मते अधिकार आहे. परंतु तो एका अटीवर. जे स्वातंत्र्य आपण स्वतःसाठी मागतो, तेच त्याच घरातल्या दुसऱ्या माणसास दिले पाहिजे. टिळकांच्या घरी नेमके हेच घडले, आणि म्हणूनच ही कथा केवळ दुःखाची राहिली नाही. लक्ष्मीबाई पतीकडे परत आल्या त्या हिंदू म्हणूनच. ख्रिस्ती लोकांच्या वस्तीत त्यांची चूल निराळी, पाणी निराळे. पतीवर प्रेम करावे, पण त्याचा देव उसना घेऊ नये, ही त्यांची भूमिका होती. पतीच्या पाठोपाठ सहज जाता आले असते. पातिव्रत्याच्या रूढ कल्पनेने त्याला दोषही दिला नसता. त्या गेल्या नाहीत, यातच त्यांच्या पुढील श्रद्धेचे सारे मोल आहे.

पालट झाला तो आधी मनात. जातिभेद देवाने केला की माणसाने, असा प्रश्न त्यांनी स्वतःस विचारला आणि उत्तर मिळताच सोवळे सोडले. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. आधी आचरण, मग संस्कार! बहुधा आपण याच्या उलट चालतो. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावरही आपल्या श्रद्धेचा निर्णय धर्माधिकाऱ्यांच्या हाती दिला नाही. लक्ष्मीबाई त्यांच्याइतक्या विदुषी नव्हत्या, पण जात त्याच मनस्विनींची.

ती श्रद्धा पुढे प्रार्थनेत जेवढी दिसली, तेवढीच स्वयंपाकघरात दिसली. दुष्काळाने निराधार झालेली मुले घरात आली. नगरास प्लेगच्या छावणीत त्यांनी रोग्यांची सेवा केली. ज्या घरी वाण्याकडचे सामान धुतले जाई, त्या घरच्या मुलीने कोणाकोणाच्या लेकरांना जेवू घातले! पतीच्या मृत्यूनंतर (१९१९) त्या मुलाच्या संसाराबरोबर कराचीपर्यंत गेल्या. टिळकांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ त्यांनी पुरे केले, आणि शाळेचे तोंडही न पाहिलेल्या या बाईने ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. १९३६ साली त्या निवर्तल्या.

‘स्मृतिचित्रां’त पतीचे दोष झाकलेले नाहीत, आणि त्यांचे भांडवलही केलेले नाही. स्वतःच्या फजितीवर त्या मनमोकळ्या हसतात. असे हसू श्रद्धेचे लक्षण आहे, असे मला वाटते. ज्याची श्रद्धा उसनी असते, तो तिच्याविषयी फार गंभीर असतो. तिला धक्का लागेल, ही भीती त्याला सुटत नाही.

आपण नोकरीनिमित्त दूर आलेली माणसे. बदलीचा हुकूम एकाच्या नावे निघतो आणि सारे घर बांधाबांध करू लागते. गाव, शाळा, शेजार, भाषा हे सारे पत्नीने आणि मुलांनी मागे टाकायचे, आणि त्याला आपण कर्तव्य म्हणायचे. आपल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य सर्व व्यक्तींना दिले आहे. शासनाने ते पाळावे म्हणून आपण जागरूक असतो, हे योग्यच. परंतु त्या स्वातंत्र्याची पहिली कसोटी न्यायालयात लागत नाही. ती घराच्या उंबरठ्याच्या आत लागते. आपल्या मागून येणारे माणूस आपल्या वाटेने येत आहे की स्वतःच्या, हे आपण कधी थांबून विचारतो काय?

टिळकांच्या घरात काही काळ दोन चुली होत्या. त्या घराला दुभंगलेले म्हणावे असे मला वाटत नाही. तेथे दोन माणसे होती, एवढाच त्या दोन चुलींचा अर्थ.