कात्री लावण्याआधी

डीएनए कापणारी क्रिस्परची कात्री थोडा वेळ बाजूला राहू द्या. सावकाश श्वास घ्या आणि मन हाडांच्या आतल्या मज्जेकडे न्या. तिथल्या मूलपेशी आयुष्यभर रक्त घडवतात. मेंदूतल्या पेशीतही डीएनए तोच असतो. फरक पडतो तो कोणत्या जनुकापासून किती आरएनए बनतं यात.

आता एकाच जनुकापाशी थांबा: बीसीएल११ए. जन्मानंतर ते गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन दाबून टाकतं. गडचिरोली, नंदुरबारकडे ज्या घरांत सिकलसेल आहे, तिथे हा दाब सैल व्हावा असंच कुणालाही वाटेल, कारण ते जुनं हिमोग्लोबिन तांबड्या पेशींना विळ्यासारखं वाकू देत नाही. मग जनुकच का कापू नये? हा प्रश्न मनात येऊ द्या. मग विचारा, हे जनुक आणखी कुठे कामाला आहे? मेंदूच्या घडणीत आहे, बी-पेशींत आहे. खुद्द रक्ताच्या मूलपेशींनाही ते लागतं.

ते पाहायला आरएनएच्या आकड्यांचा तक्ता डोळ्यांसमोर आणा. ओळींत जनुकं, रकान्यांत एकेक पेशी, आणि बहुतेक चौकटींत शून्य. त्या शून्यावर रेंगाळा. जनुक खरंच गप्प होतं, की मोजके रेणू वाचनातून निसटले? घाईने ‘बंद’ लिहू नका. तशाच दुसऱ्या पेशी पाहा.

अशाच चिकाटीच्या शोधातून बीसीएल११ए जनुकातला एक छोटा एन्हान्सर हाती लागला. तांबड्या पेशींच्या वंशातच तो जनुकाला जोर देतो. कॅसजेव्ही या उपचारात रुग्णाच्याच मूलपेशी बाहेर काढून नेमका हा तुकडा कापतात. ब्रिटन आणि अमेरिकेने २०२३ मध्ये त्याला मान्यता दिली. मला या उपचारातलं सगळ्यात सुंदर वाटतं ते हे, की जनुकाचा प्रथिन घडवणारा भाग शाबूत राहतो.

आता कात्रीला कापायची जागा दाखवणाऱ्या गाइड आरएनएची २० अक्षरं लिहा. कापणाऱ्या कॅस९ प्रथिनाला डीएनएत त्यांच्या पुढे एक कोणतंही अक्षर आणि मग दोन ‘जी’ लागतात. सुमारे ३०० कोटी अक्षरांत अशीच ओळ आणखी कुठे आहे, ते शोधा. इथे मुळीच घाई नको. संगणकातला संदर्भ-जीनोम म्हणजे समोरचा रुग्ण नव्हे. आफ्रिकी वंशाच्या काही लोकांत एका अक्षराच्या फरकाने कॅसजेव्हीच्याच गाइडला कापायला नवी जागा मिळते, हे दाखवलं गेलं आहे. म्हणून गडचिरोलीच्या माणसासाठी हा शोध तिथल्या माणसांच्या जीनोममध्ये पुन्हा घ्या.