पुण्याचा दाखला

भारतीय दर्शनांच्या वादांत एक दुहेरी आक्षेप पुन्हा पुन्हा भेटतो. केलेले वाया जाणे, म्हणजे कृतनाश, हा त्याचा एक भाग. न केलेले वाट्याला येणे, म्हणजे अकृताभ्यागम, हा दुसरा. बाराव्या शतकात हेमचंद्राने बौद्धांच्या क्षणिकवादावर नेमके हेच दोष लावले. माणूस क्षणोक्षणी नवा होत असेल तर काल ज्याने पुण्य केले तो आज उरलाच नाही, आणि आज जो भोगतो आहे त्याने काल काही केलेच नव्हते, मग न्याय कशाला म्हणायचे? हा आक्षेप आज सहसा ग्रंथालयातच वाचला जातो, पण त्याची रोजच्या व्यवहारातली आवृत्ती यवतमाळ, पुसद, वणीकडच्या बऱ्याच घरांत फोनवर ऐकू येते. एमएच २९ ची गाडी पंधरा-वीस वर्षे चालवलेला माणूस नोकरीसाठी जर्मनीला किंवा इंग्लंडला जातो आणि तिथे त्याला सांगतात की तू शिकाऊ आहेस, पुन्हा परीक्षा दे. मग विम्याची कंपनी अठरा वर्षांच्या पोराला लावावा तसा हप्ता त्याला लावते. तक्रारीचे शब्द साधे असतात, ‘इतक्या वर्षांचं सगळं पाण्यात गेलं’, पण तिचा सांगाडा हेमचंद्राचा आहे. ही तक्रार लायसनच्या बाबतीत चुकीची आणि विम्याच्या बाबतीत निम्मी खरी आहे, असे मला वाटते. दोन्ही कागद एकाच फायलीत राहतात म्हणून त्यांची नीती एकच आहे असे आपण धरून चालतो. ती एक नाही.

आधी लायसन. देश सोडण्यापूर्वी यवतमाळच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात अर्ज केला की आंतरराष्ट्रीय परवाना मिळतो. त्यासाठी कुठली परीक्षा नसते. मुळातले लायसन इतर देशांच्या पोलिसांना वाचता यावे एवढाच त्याचा उपयोग, आणि मुदत एक वर्ष. पुढची गंमत अशी की फिरायला आलेल्या पाहुण्याला हा कागद बहुतेक ठिकाणी चालतो, पण तोच माणूस तिथे घर करून राहू लागला की त्याच्या कागदाचे वजन उतरू लागते. जर्मनीत वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिने. त्यानंतर भारतीय लायसनवाल्याला लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. ब्रिटनमध्ये बारा महिने, मग शिकाऊ परवान्यापासून सुरुवात. कॅलिफोर्निया तर रहिवासी झाल्यावर दहाच दिवस देते. अनोळखी पाहुण्यावर विश्वास आणि शेजारी राहायला आलेल्याची परीक्षा, हे वरवर उफराटे दिसते. पण आपल्याकडेही अतिथीला कोणी कुळ-मूळ विचारत नाही, सोयरीक करताना मात्र दहा ठिकाणी चौकशी होते. चौकशी हा तिथे अपमान नसतो. माणूस आता इथलाच होणार, या गोष्टीची ती दखल असते.

तरी कृतनाशाचा आक्षेप एवढ्याने मिटत नाही. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात राजा मिलिंद नागसेनाला विचारतो की नवा जन्म घेणारा आणि मेलेला वेगळे असतील तर नवा माणूस जुन्या पापांतून सुटला की नाही. नागसेन आंबेचोराचा दाखला देतो. मी तोडलेले आंबे म्हणजे मालकाने लावलेले आंबे नव्हेत, असे म्हणून चोर सुटत नाही, कारण लावलेल्यातूनच हे उगवले. वाहनचालक हाच युक्तिवाद उलटा फिरवू शकतो. देश बदलून दोष धुतला जात नसेल तर गुण तरी का धुतला जावा? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की गुण धुतला गेलेलाच नाही. करंजीहून पांढरकवड्याकडे जाताना पुढच्या ट्रकचा अंदाज घेण्याची, संध्याकाळी रस्त्यावर परतणाऱ्या गुरांसाठी आधीच वेग कमी करण्याची जी सवय हातापायांत मुरली, ती विमानतळावर कोणी काढून घेत नाही. तो संस्कार आहे आणि संस्कार माणसाबरोबर जातो. सोबत येत नाही ती साक्ष. यवतमाळच्या कार्यालयाने दिलेला कागद म्हणजे ‘आम्ही याला पाहिले आहे’ एवढेच सांगणारी साक्ष होती, आणि साक्षीला साक्षीदाराची ओळख लागते. म्युनिकमध्ये त्या साक्षीदाराला कोणी ओळखत नाही. ज्याच्या हातात संस्कार खरोखर आहे त्याला ब्रिटनमधली चाळीस मिनिटांची परीक्षा तो पुन्हा दाखवायची संधी देते. उजव्या बाजूने चालवण्याच्या देशात तर जुन्या संस्काराचा काही भाग मोडूनच काढावा लागतो. तिथे वीस वर्षांची सवय हेच कधी कधी संकट असते.

यावर कोणी म्हणेल की हा सगळा बचाव गोरेपणाच्या गर्वाला दिलेले तत्त्वज्ञानाचे पांघरूण आहे, कारण त्याच ब्रिटनमध्ये जपानी किंवा ऑस्ट्रेलियन माणसाला परीक्षेवाचून लायसन बदलून मिळते. यात तथ्य आहे, आणि ज्या देशांच्या साक्षीवर विश्वास ठेवायचा त्यांची यादी राजकारणापासून अलिप्त असते असे मानण्याचे कारण नाही. पण आपल्या साक्षीची किंमत आपणच किती ठेवली, हेही पाहिले पाहिजे. २०२२ साली भारतात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. ब्रिटनमध्ये त्या वर्षी मृतांचा आकडा सतराशेच्या आसपास होता. लोकसंख्येचा वीसपटीचा फरक धरला तरी हिशेब बसत नाही. एजंटमार्फत काढलेल्या लायसनचे किस्से आपण चहाच्या टपरीवर हसत सांगतो, मग तेच लायसन परदेशात कोणी हलके मानले की दुखावतो. प्रामाणिकपणे शिकलेल्या माणसाला यात दुसऱ्याचे केलेले भोगावे लागते हे खरे. पण लायसनच्या बाबतीत हा भोग परीक्षेच्या दिवशी संपतो. उत्तीर्ण झाला की तो भारतीय चालक राहत नाही, नुसता चालक होतो.

विम्यात तो दिवस इतक्या लवकर येत नाही, म्हणून खरा प्रश्न तिथे आहे. गाडीचा विमा सक्तीचा करण्याची कल्पना फार जुनी नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १९२७ पासून, ब्रिटनमध्ये १९३० च्या कायद्याने, आणि आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या तरतुदींनी, ज्या प्रत्यक्षात १९४६ पासून लागू झाल्या, ती आली. सक्ती आहे ती आपल्या गाडीच्या नुकसानाची नव्हे, तिसऱ्या माणसाच्या नुकसानाची. हा तिसरा माणूस कोण, ते वणीच्या कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्यावरून सायकल दामटणाऱ्याकडे पाहिले की कळते. धडक बसली तर त्याने काहीही न करता आयुष्यभराचे भोगायचे. अकृताभ्यागमाचे याहून शुद्ध उदाहरण कुठल्या न्यायग्रंथातही सापडणार नाही. ते पुसून टाकता येत नाही. फक्त वाटून घेता येते. हजारो चालकांनी न केलेल्या चुकीचा थोडा थोडा भार उचलायचा, म्हणजे एका निर्दोषाच्या डोक्यावर सगळा भार पडत नाही. ‘ज्याचे कर्म त्याने भोगावे’ हे सूत्र इथे उघडउघड मोडले जाते, आणि काही धार्मिक मनांना विम्याविषयी जी अढी असते ती यामुळेच. पण आपल्या परंपरेने हे सूत्र एवढे कडक कधी पाळले होते? धर्मशास्त्रकारांनी प्रजेच्या पुण्यापापाचा सहावा वाटा राजाच्या खात्यावर टाकला. श्राद्धात मुलाने केलेले बापाला पोचते, बौद्ध उपासक पुण्यानुमोदन करतात. कर्म थोडेफार हस्तांतरणीय आहे, हे पोथीतही मान्य आहे आणि घराघरांतही.

म्हणजे भार वाटून घेण्यात अन्याय नाही. वाटणी कशी करायची, यात तो असू शकतो. परदेशात नव्याने आलेल्याला विमा कंपनी विचारते की इथे किती वर्षे चालवलीत; उत्तर शून्य आले की तो आपोआप सर्वांत धोकादायक गटात जाऊन बसतो. तो कसा चालवतो हे कोणी पाहिलेले नसते, त्याच्यासारखे लोक कसे चालवतात हे मात्र पाहिलेले असते. विमा हा धंदा आहे, धर्म नव्हे. ज्याचा धोका अधिक त्याचा हप्ता अधिक, यात न्याय-अन्याय काय, असे यावर सांगितले जाते. हप्ता ऐच्छिक असता तर ते पटले असते. पण सरकार ज्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू देत नाही तो हप्ता कराच्या जवळ जातो, आणि कराला न्यायाचे प्रश्न विचारता येतात. ते विचारलेही गेले आहेत. तरुण पुरुष चालक जास्त अपघात करतात, हे आकडेवारीने सिद्ध असूनही युरोपीय न्यायालयाने मार्च २०११ मध्ये स्त्री-पुरुष भेदावर हप्ता ठरवणे नाकारले, आणि डिसेंबर २०१२ पासून ते बंद झाले. कॅलिफोर्नियात १९८८ च्या जनमताने कायदा झाला की हप्ता मुख्यतः चालकाची स्वतःची नोंद, वर्षाचे मैल आणि अनुभवाची वर्षे यांवर ठरावा. गट खरा असला, आकडे खरे असले, तरी माणसाला गटात विरघळवून टाकण्याला मर्यादा आहे, हे या दोन्ही ठिकाणी विमा धंदा असतानाच मान्य झाले.

हा मुद्दा यवतमाळला परदेशाकडून शिकायला नको. इथल्या कास्तकाराला तो पीक विम्याने केव्हाच शिकवला आहे. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत नुकसान मुख्यतः महसूल मंडळाच्या सरासरीवर मोजले गेले. निवडलेल्या प्लॉटवर पीक कापणी प्रयोग, त्यांवरून मंडळाचे सरासरी उत्पादन, आणि ते उंबरठा उत्पादनाच्या खाली गेले तरच भरपाई. एखाद्याच्या वावरातली पऱ्हाटी बोंडअळीने साफ गेली पण मंडळाची सरासरी वर राहिली, तर त्याला काही नाही. उलट ज्याचे सोयाबीन बरे आले त्यालाही मंडळ पडले म्हणून पैसे मिळू शकतात. एकाचा कृतनाश, दुसऱ्याचा अकृताभ्यागम, तोही सुखाचा. आता या पद्धतीचा बचाव अगदीच लंगडा नाही. लाखो वावरांत जाऊन प्रत्येकाचे पीक तोलणे अशक्य होते, आणि सरासरी मोजली तर कोणी मुद्दाम पीक बुडवून भरपाई लाटू शकत नाही. पण हा बचाव अज्ञानावर उभा आहे: दिसत नाही म्हणून सरासरी. गारपीट झाली, वावरात पाणी साचले, आणि शेतकऱ्याने ७२ तासांत कळवले, तर त्याच योजनेत त्याच्या एकट्याच्या वावराचा पंचनामा होत असे. याचा अर्थ पाहणे अशक्य नव्हते. कधी पाहायचे आणि कधी नाही हे ठरवलेले होते. माझ्या मते अन्यायाची सीमा इथे आहे. माहिती नसताना सरासरीने तोलणे क्षम्य आहे. पुरावा समोर ठेवल्यावरही सरासरीच धरून बसणे क्षम्य नाही, मग तो कास्तकार असो की त्याचा परदेशी गेलेला पोरगा.

मात्र पोराने समोर ठेवलेला पुरावा कशाचा आहे, हेही त्याच कसोटीने पाहावे लागेल. तो सहसा इथल्या विमा कंपनीचे पत्र दाखवतो: पाच वर्षे दावा नाही, नो क्लेम बोनस ५० टक्के. पण भारतात हा बोनस पॉलिसीच्या मालकाचा असतो, चालकाचा नव्हे; गाडी रोज पगारी ड्रायव्हर चालवत असला तरी पुण्य मालकाच्या नावावर. शिवाय दावा नाही म्हणजे अपघात नाही असे थोडेच आहे. बंपर चेपला की रस्त्यावरच मिटवून बोनस वाचवणे हा आपल्याकडचा सर्वमान्य शहाणपणा. आणि ज्याला सक्तीचा म्हणतो त्या थर्ड पार्टी हप्त्यात तर चालकाची चौकशीच नाही. २०२२ च्या दरांत हजार ते दीडहजार सीसीच्या खासगी गाडीला ३,४१६ रुपये. चालवणारा सावध असो की बेफाम, इंजिन पाहून दर. आपला गुण परदेशात मोजला गेला नाही म्हणून जो कळवळतो, त्याचा गुण घरीही कोणी मोजत नव्हते. त्याला ते जाणवले नव्हते, कारण इथे सगळेच सारखे न मोजलेले होते. तरी पत्र अगदीच निरुपयोगी ठरत नाही. दुबळा पुरावा म्हणजे पुरावाच नाही असे होत नाही. त्याला त्याच्या वजनाइतकी सूट द्यावी, एवढी मागणी वाजवी आहे. आपल्याकडच्या मोटार टॅरिफमध्ये उलट दिशेची तशी तरतूद आहेच: परदेशात कमावलेला नो क्लेम बोनस, तिथली पॉलिसी संपल्यापासून तीन वर्षांच्या आत पुराव्यानिशी आणला, तर इथे धरला जातो.

आणि जो परत येतो त्याच्या लायसनचे काय? बाहेर असताना यवतमाळच्या लायसनची मुदत संपून एक वर्षाहून जास्त काळ लोटला असेल, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर नुसत्या अर्जावर ते नवे होत नाही. पूर्वी यासाठी पाच वर्षांची सवलत होती. आता ज्या कार्यालयाने त्याला पहिल्यांदा पाहिले होते त्याच कार्यालयाच्या ट्रॅकवर, आपल्याच गावच्या निरीक्षकासमोर, त्याला गाडी चालवून दाखवावी लागते.