तिहेरी कुलूप : आयर्लंडची शांतिसेना आणि तिच्यामागची सावधगिरी

दुसऱ्या महायुद्धात तटस्थ राहिलेला आणि पुढे नाटोपासूनही दूर राहिलेला आयर्लंड 14 डिसेंबर 1955 रोजी संयुक्त राष्ट्रसंघाचा सदस्य झाला. कोणत्याही लष्करी युतीत सामील न होणे एवढाच ज्या देशाच्या तटस्थतेचा व्यवहारातील अर्थ होता, त्याने जगाच्या सुरक्षेसाठी आपले सैनिक द्यावेत का, आणि द्यायचे तर कोणाच्या आदेशाखाली, हा प्रश्न सदस्यत्वाबरोबरच उभा राहिला. त्याचे पहिले उत्तर सौम्य होते. 1958 मध्ये लेबनॉनला गेलेले सुमारे पन्नास आयरिश अधिकारी निरीक्षक म्हणून गेले, त्यांच्याजवळ शस्त्रे नव्हती, आणि देशात त्यावर फारशी खळबळही झाली नाही.

खरा प्रश्न 1960 मध्ये काँगोने विचारला. बेल्जियमपासून स्वतंत्र झालेला हा देश काही आठवड्यांतच फुटू लागला आणि राष्ट्रसंघाने सशस्त्र तुकड्या मागितल्या. आयर्लंडच्या संरक्षणविषयक कायद्यात मात्र अशी तुकडी परदेशी पाठवण्याची तरतूदच नव्हती. त्या वर्षी झालेल्या कायदेदुरुस्त्यांनी ही वाट मोकळी केली आणि त्याच वेळी तिला कुंपणही घातले. सेना सुरक्षा परिषदेने किंवा आमसभेने स्थापन केलेली असावी, तिची कर्तव्ये पोलिसी स्वरूपाची असावीत, आणि सशस्त्र तुकडीत 12 पेक्षा अधिक सैनिक असतील तर डॉल, म्हणजे आयरिश संसदेचे कनिष्ठ सभागृह, तिला ठरावाने संमती देईल, अशा त्या अटी होत्या. आज तटस्थतेची ढाल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या तरतुदींचा जन्म सैनिक रोखण्यासाठी झालेला नव्हता. ते पाठवता यावेत म्हणून त्या लिहिल्या गेल्या होत्या. पुढच्या साऱ्या वादात ही गोष्ट सहसा विसरली जाते.

कायद्याने राजकीय संमतीची काळजी घेतली, पण रणभूमीवरच्या तयारीची घेतली नाही. विषुववृत्ताजवळच्या उष्म्यात पहिल्या तुकड्या जाड लोकरी गणवेश घालून आणि जुन्या बोल्ट-अ‍ॅक्शन रायफली घेऊन उतरल्या. 8 नोव्हेंबर 1960 रोजी निएम्बा येथे अकरा जणांच्या गस्ती पथकावर हल्ला होऊन नऊ आयरिश सैनिक ठार झाले, आणि डब्लिनच्या रस्त्यांवर त्यांच्या अंत्ययात्रेला प्रचंड जनसमुदाय लोटला. पुढच्या सप्टेंबरमध्ये कटांगा प्रांतातील जाडोव्हिल येथे कमांडंट पॅट क्विनलन यांच्या सुमारे दीडशे सैनिकांच्या कंपनीला कित्येक पट मोठ्या सैन्याने वेढले; पाणी आणि दारूगोळा संपेपर्यंत ती लढली, तिने एकही माणूस गमावला नाही आणि अखेर शरणागती पत्करली. ज्यांनी आपली माणसे वाचवली त्यांच्या वाट्याला पुढची चार दशके सन्मानाऐवजी अवघडलेले मौन आले, ही त्या काळातील सर्वांत मोठी अन्यायाची गोष्ट होय. त्याच कटांगात भारतीय ब्रिगेडही लढत होती आणि डिसेंबर 1961 मध्ये कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांनी तेथेच प्राण दिले. शांतिसेना म्हणून गेलेल्या सैन्यावर प्रत्यक्ष युद्धाची वेळ कशी येते, हे दोन्ही देशांनी एकाच भूमीवर पाहिले.

काँगोमध्ये 26 आयरिश सैनिक दगावले, तरीही आयर्लंड मागे हटला नाही. 1964 मध्ये त्याचे सैनिक सायप्रसला गेले, 1978 पासून दक्षिण लेबनॉनला गेले, आणि एकट्या लेबनॉननेच पुढे चाळीसहून अधिक बळी घेतले. मर्यादा होती ती मनुष्यबळाची. मे 1974 मध्ये डब्लिन व मॉनॅहन येथे बाँबस्फोट झाले, तेव्हा सिनाईमधील राष्ट्रसंघाच्या सेनेत असलेली आयरिश तुकडी माघारी बोलावण्यात आली, कारण छोट्या सैन्याला घरची आणि बाहेरची सीमा एकाच वेळी सांभाळता येत नाही. शीतयुद्ध संपल्यावर मोहिमांचे स्वरूप पालटले. सोमालियात राष्ट्रसंघाच्या सनदेच्या सातव्या प्रकरणाखाली, म्हणजे संबंधित पक्षांची संमती नसतानाही बळ वापरण्याच्या अधिकाराने, सेना उभी राहिली. तीत भाग घेता यावा म्हणून 1993 मध्ये कायद्यातील पोलिसी कर्तव्यांची चौकट ओलांडण्यात आली. एक महत्त्वाची अट सैल झाली आणि जनतेने तिची फारशी दखल घेतली नाही.

या अटींना आजचा अर्थ मिळाला तो युरोपच्या प्रश्नामुळे. जून 2001 मध्ये आयरिश मतदारांनी युरोपीय संघाचा नीस करार फेटाळला, आणि युरोपीय सैन्यात आपली मुले ओढली जातील ही भीती त्या नकारामागच्या कारणांपैकी एक होती. जून 2002 मध्ये सेव्हिल येथे सरकारने राष्ट्रीय घोषणापत्र दिले, की राष्ट्रसंघाचा अधिकारादेश, सरकारचा निर्णय आणि डॉलची संमती या तिन्ही गोष्टींशिवाय परदेशी मोहिमेत सैनिक जाणार नाहीत. ऑक्टोबरमध्ये फेरमतदानात करार संमत झाला. ‘तिहेरी कुलूप’ हे नाव तेव्हापासून रूढ झाले. 1960 ची प्रशासकीय तरतूद अशा रीतीने जनतेला दिलेले वचन बनली, आणि वचन मोडणे हे कायदा बदलण्याहून कितीतरी जड असते.

पहिल्या कुलपाची, म्हणजे राष्ट्रसंघाच्या अधिकारादेशाची, किल्ली मात्र आयर्लंडच्या हाती नव्हती. मॅसिडोनियाने तैवानला मान्यता दिल्यावर चीनने 1999 मध्ये नकाराधिकार वापरून तेथील राष्ट्रसंघाची मोहीम संपवली. 2003 मध्ये युरोपीय संघाने त्याच देशात मोहीम हाती घेतली, तेव्हा सुरक्षा परिषदेच्या ठरावाची भाषा कायद्याच्या शब्दांत बसत नसल्याने आयर्लंडला बाहेर राहावे लागले. 2006 च्या दुरुस्तीने ‘स्थापन केलेली’ या शब्दासोबत ‘अधिकृत केलेली’, ‘पाठिंबा दिलेली’ असे पर्याय जोडले, पण मूळ अडचण तशीच राहिली. युक्रेनवरील आक्रमणानंतर, आक्रमक राष्ट्रच नकाराधिकार धारण करत असताना, ती असह्य वाटू लागली आणि 2025 मध्ये सरकारने राष्ट्रसंघाच्या संमतीची अट काढून टाकणारा मसुदा पुढे आणला. विरोधकांचे म्हणणे असे, की पाच सत्तांचा नकाराधिकार कितीही दोषपूर्ण असला, तरी राष्ट्रसंघाची मोहोर सुटली की छोटा देश मोठ्या मित्रांच्या आग्रहापुढे एकटा पडतो. या म्हणण्यात तथ्य आहे. एखाद्या मोहिमेस नकार देताना कायद्याकडे बोट दाखवता येणे ही दुर्बळ राष्ट्राची मोठी सोय असते.

तरीही या मसुद्यात अधिक चिंता वाटावी अशी बाब दुसरीच आहे आणि तिच्यावर चर्चा कमी होते. डॉलच्या ठरावाशिवाय पाठवता येणाऱ्या सैनिकांची मर्यादा 12 वरून 50 वर नेण्याचे त्यात योजले आहे. परदेशात अडकलेल्या आपल्या नागरिकांची सुटका किंवा दूतावासाचे रक्षण तातडीने करावे लागते, हे त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. परंतु निएम्बाला ज्या पथकावर हल्ला झाला ते अकरा जणांचे होते आणि पन्नास सैनिक म्हणजे तशी चार पथके होतात. सुरक्षा परिषदेचे कुलूप परक्यांच्या हातात होते, म्हणून त्याचा त्याग करण्याचे समर्थन करता येईल. डॉलचे कुलूप मात्र मतदारांचे स्वतःचे आहे, आणि पहिले काढायचे असेल तर हे ढिले करण्याऐवजी अधिक घट्ट करणे, मोहिमेचा उद्देश, शस्त्रसामग्री आणि माघारीची वेळ यांविषयी सभागृहाला आधी उत्तरे मिळण्याची सक्ती करणे हाच तर्कसंगत मार्ग ठरतो. दक्षिण लेबनॉनमधील राष्ट्रसंघाची सेना 31 डिसेंबर 2026 रोजी आपले काम थांबवणार आहे. त्यानंतर आयरिश सैनिक कोठे जावेत हे ठरवताना डॉलला ही उत्तरे मागावीच लागतील.