कोणती वाट धरावी?

(शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये १६ : ६-१५)



दहावी-बारावीचे निकाल लागले म्हणजे आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत एक प्रश्न घरोघर फिरू लागतो. पाळकसाहेब गृहभेटीस आले की चहाचा कप पुढे ठेवता ठेवता आई विचारते, "ह्याला आता कोठे घालावे?" बाप म्हणतो आयटीआय, मामा म्हणतो पोलीसभरती, शेजारी म्हणतो पुण्यास पाठवा व स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करू द्या. आणि ज्याच्याविषयी हे सर्व चालले आहे तो मुलगा दाराच्या चौकटीस टेकून खाली पाहत उभा असतो. त्याला विचारावे तर तो एवढेच म्हणतो की, अजून काही ठरले नाही. ह्या "ठरले नाही" विषयी आज आपण पवित्र शास्त्राच्या उजेडात विचार करू.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, हा प्रश्न आपल्यांतील पुष्कळ घरांत फार जुना नाही. आपल्या पणजोबांस पंधराव्या वर्षी "तू पुढे काय होणार?" असे कोणी विचारले नव्हते. जन्म हेच त्याचे उत्तर होते. येसकराची काठी, गावकीची धावपळ, मेलेले ढोर ओढणे, आणि दिवेलागणीस दारोदार फिरून मागून आणलेली भाकर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविषयी विधेयक मांडले. तथापि ही कनिष्ठ गाववतने कायद्याने रद्द होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. मिशनच्या शाळांमुळे काही घरांतील मुलांनी ती काठी त्यापूर्वीच खाली ठेवली, व ती ठेवताना गावाचा रोष पत्करला. तेव्हा ज्या मुलापुढे आज चार वाटा आहेत व त्यांतली कोणती धरावी हे ज्यास कळत नाही, त्याची ही अडचणसुद्धा पूर्वजांनी कष्टाने मिळवून ठेवलेल्या धनाचाच एक भाग होय. त्यास आळशी म्हणून हिणवणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हे विसरू नये.

येथे कोणी करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा सातवा अध्याय काढून म्हणेल की, ज्या स्थितीत पाचारण झाले त्याच स्थितीत मनुष्याने राहावे असे प्रेषित सांगतो. सांगतो खरे. पण त्याच ठिकाणी तो दासाला असेही सांगतो की, तुला मोकळे होता येत असेल तर ती संधी घे. अर्धे वचन घेऊन दुसऱ्याच्या मुलास बापाच्याच धंद्यात बांधून ठेवणे हे शास्त्र नव्हे. ती जुनी गावकीच नवे कपडे घालून आलेली आहे.

आता पौलाकडे वळू. पौलास दमिष्काच्या वाटेवर पाचारण झाले होते. ते कोणाचे व कशासाठी ह्याविषयी त्याच्या मनात तिळमात्र संशय नव्हता. तरीही सोळाव्या अध्यायात आपण त्यास पाहतो तो कसा? फ्रुगिया व गलतिया प्रांतांतून चालला आहे. आशियात, म्हणजे इफिस शहर ज्यात होते त्या रोमी प्रांतात, वचन सांगावे असा विचार आहे. तर पवित्र आत्मा मना करतो. बरे, उत्तरेस बिथुनियाकडे वळावे, तर तेथेही जाऊ देत नाही. शेकडो मैलांची पायपीट, आणि हाती काय आले? दोन बंद दारे. पाचारण पक्के असूनही उद्या सकाळी कोणत्या रस्त्यास लागावे हे एवढ्या थोर प्रेषितास कळत नव्हते. तेव्हा आपल्या मुलास सतराव्या वर्षी ते कळले नाही म्हणून त्याच्या विश्वासातच काही खोट आहे असे कोणी समजू नये.

आत्म्याने मना केले ते कसे, हे लूक लिहीत नाही. आजाराने, स्वप्नाने, सोबत्यांच्या बोलण्याने की वाटेतल्या अडचणीने? आम्हांस वाटते, त्याने हे लिहिले नाही ते बरेच झाले. नाहीतर आपण तीच एक खूण धरून बसलो असतो. एक गोष्ट मात्र स्पष्ट दिसते. पौलास जे नकार मिळाले ते चालता चालता मिळाले. पहिली वाट बंद झाली म्हणून तो गलतियात खाटेवर पडून राहिला नाही. उभ्या गाडीचे जू कितीही ओढले तरी ती जागच्या जागी वळत नाही, हे प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. बैल दोन पावले पुढे गेले म्हणजे मग चाक वळते.

पुढे त्रोवसास रात्री दृष्टान्त झाला. मासेदोनियाचा एक मनुष्य उभा राहून साहाय्यास येण्याची विनंती करीत आहे. ह्या ठिकाणी वाचकांनी एक बारीक गोष्ट पाहावी. इथपर्यंत लूक "ते गेले", "त्यांनी पाहिले" असे लिहीत आला. दहाव्या वचनात एकाएकी तो "आम्ही" असे लिहू लागतो. दृष्टान्त दिसला एकट्या पौलास, पण त्यावरून काय करावे हे ठरवले सर्वांनी मिळून. त्या ठरवण्यासाठी मूळ ग्रीक भाषेत जो शब्द आहे त्याचा अर्थ निरनिराळ्या गोष्टी एकत्र आणून जुळवून पाहणे असा आहे. दोन बंद दारे, एक समुद्रकाठचे शहर, एक रात्रीचे स्वप्न, आणि तीमथ्य, सीला व स्वतः लूक ह्यांचे मत, हे सर्व जुळवून मग ते तारवात बसले. मला रात्री देव बोलला, आता कोणी मध्ये बोलू नये, अशी भाषा येथे नाही.

आणि पुढची मौज पाहा. दृष्टान्तात दिसला पुरुष. फिलिप्पै शहराबाहेर नदीकाठी भेटल्या स्त्रिया. त्यांतील लुदिया नावाच्या बाईचे अंतःकरण प्रभूने उघडले. ही कोठली? थुवतीरा नगराची, आणि थुवतीरा कोठे? ज्या आशियाचे दार पौलास बंद झाले होते त्याच आशियात. पुढे योग्य वेळी त्यास इफिस शहरही उघडले, व तेथे त्याने दोन वर्षांहून अधिक काळ काम केले. लुदिया जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करीत असे. तिने दुकान मोडून प्रचारकीण व्हावे असे पौलाने तिला सांगितल्याचे कोठेही लिहिलेले नाही. तिचे घर मंडळीचे घर झाले, आणि त्या घराचा खर्च आम्ही समजतो की त्या व्यापारावरच चालला. पौल स्वतः तर तंबू शिवी.

हे सांगण्याचे कारण असे की, आपल्या मंडळ्यांत दोन चुकीच्या चाली पडल्या आहेत, व दोहोंविषयी स्पष्ट बोलणे आम्हांस अवश्य वाटते.

पहिली चाल कौल लावण्याची. आपले पूर्वज गुरवाकडून देवास फुले लावून उजवा की डावा हे पाहत. ते आपण सोडले. पण मुलास कोठे घालावे हे ठरेना म्हणजे डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडावे व जेथे बोट पडेल ते वचन देवाचे उत्तर मानावे, हे अजून चालते. देऊळ बदलले, कौल तोच राहिला. कोणी म्हणेल, मत्थियाची निवड चिठ्ठ्यांनीच झाली ना? झाली; पण त्यापूर्वी शिष्यांनी आपली बुद्धी चालवली होती. योहानाच्या बाप्तिस्म्यापासून जे बरोबर होते अशांतून दोघे पारखून पुढे उभे केले, प्रार्थना केली, व मग चिठ्ठी टाकली. आणि पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्मा उतरल्यानंतर प्रेषितांच्या कृत्यांत चिठ्ठ्या टाकल्याचे पुन्हा एकदाही आढळत नाही. गिदोनाने लोकर ठेवली हेही खरे. परंतु देवाने त्यास काय करायचे ते आधीच सांगितले होते. त्यास धीर हवा होता, निवड नव्हे.

दुसरी चाल ह्याहून वाईट. ज्याचे कोठेच ठरेना, भरतीत जमेना, बारावीस मार्क पडेनात, त्यास शेवटी सेमिनरीत पाठवावे! आमच्या प्रचारक बंधूंनी रागावू नये, पण पंचांच्या बैठकीत अशा शिफारशी होतात हे त्यांसही ठाऊक आहे. देवाच्या सेवेची वेदी ही उरल्यासुरल्याची जागा नव्हे. लंगडे कोकरू अर्पणास आणणाऱ्यांस मलाखी संदेष्ट्याने काय सुनावले ते वाचावे. आणि उलट बाजूने, विजेचे काम करणारा किंवा रुग्णाची सेवा करणारी ही देवाच्या सेवेत नाहीत असे समजणेही तितकेच चूक. विल्यम केरी हा आपल्या देशात १७९३ साली आला, कलकत्त्यास मराठी शिकवू लागला, व १८०५ साली त्याने मराठीचे व्याकरण छापले. त्याआधी तो इंग्लंडात जोडे शिवीत असे. जोडे शिवताना देव त्याच्याजवळ नव्हता काय?

पंडिता रमाबाईंचे उदाहरण तर आपल्या घरचेच. पतीच्या मृत्यूनंतर, १८८३ साली, त्या लहान मुलीस घेऊन विलायतेस गेल्या, त्या वैद्यकी शिकण्याच्या हेतूने. हिंदुस्थानातील स्त्रिया पुरुष वैद्यापुढे संकोचाने मरतात, तेव्हा स्त्री डॉक्टर व्हावे, हा विचार किती चांगला! पण कानांनी दगा दिला. ऐकू कमी येऊ लागल्याने वैद्यकीचा मार्ग बंद झाला. समुद्रापलीकडे, परक्या लोकांत, पदरी मूल, आणि ज्यासाठी आलो तेच होणार नाही. ह्या ठिकाणी आपण थोडे थांबावे, कारण रमाबाईंचे नाव घेताना आपण एकदम केडगावच्या मुक्ती मिशनपाशी जाऊन पोहोचतो, व मधली ही वर्षे विसरतो. त्या वर्षांत त्यांस केडगाव दिसत नव्हते. हाताशी जे काम होते ते त्यांनी केले : चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या विद्यालयात संस्कृत शिकवले व स्वतः शिकल्या. तेथून १८८६ साली अमेरिका, १८८९ साली मुंबईत शारदा सदन, मग पुणे, मग दुष्काळातील अनाथ मुली व केडगाव. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी इब्री व ग्रीक भाषांतून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. वैद्यकीचे दार उघडले असते तर एक चांगली डॉक्टरीण झाली असती, ह्यात संशय नाही. पण ते दार बंद झाल्याचे दुःख त्या दिवशी खरे होते, आणि तुमच्या मुलीस परिचारिकेच्या शिक्षणात जागा मिळाली नाही त्या दिवशी तिचे रडणेही खरेच असते. तिला लगेच "देवाची योजना" ऐकवू नये. जेवू घालावे, झोपू द्यावे, व दुसऱ्या दिवशी बोलावे.

पुण्यास परीक्षेच्या अभ्यासासाठी गेलेल्या मुलांविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. सदाशिव पेठेतील अभ्यासिकांत आपल्या मंडळ्यांतीलही तरुण दिवसभर पुस्तकांत डोके घालून बसतात. ते आळशी नाहीत. पण जागा थोड्या व परीक्षार्थी फार. एक वर्ष गेले, दोन गेली, पाच गेली, आणि घरी बाप शेळ्या विकून खोलीभाडे पाठवतो. प्रभू येशूने बुरूज बांधणाऱ्याचा दाखला दिला, त्यात तो मनुष्य आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. हा हिशेब आरंभीच बापलेकांनी मिळून करावा : किती वर्षे, किती पैसे, आणि तोवर न जमल्यास काय. तारीख कागदावर लिहून दोघांनी सही करावी. ती तारीख आली म्हणजे मुलाने परत यावे, आणि बापाने त्यास हरलेला म्हणू नये. आमच्या मते ह्या दुसऱ्या अटीवरच पहिली अवलंबून आहे. पुष्कळ तरुण परीक्षेच्या आशेने नव्हे, तर गावात तोंड दाखवण्याच्या भीतीने तेथे राहतात.

ज्याचे अजून काहीच ठरले नाही त्याने काय करावे? त्याने हात कामास लावून पाहावे. विजेच्या कामाचा आयटीआयचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. दोन वर्षे देण्यापूर्वी गावातल्या वायरमनबरोबर दोन आठवडे हिंडावे, खांबाखाली उभे राहावे, उन्हात तार ओढावी. जिला परिचारिका व्हायचे आहे तिने जवळच्या मिशन रुग्णालयात जाऊन रात्रपाळी म्हणजे काय हे एखाद्या सिस्टरबाईस विचारावे. मिरजेस डॉ. वानलेस ह्यांनी १८९४ साली रुग्णालय उघडल्यापासून आपल्या कितीतरी मुलींनी ह्या सेवेत आयुष्य काढले आहे. त्यांतील काही निवृत्त होऊन आपल्याच गावांत राहतात, त्या आनंदाने सांगतील. कोणास शेतीच करायची असेल तर तेही खुशाल सांगावे. शिकून शेती करणे ही नामुष्की नव्हे.

आम्ही प्रत्येक मंडळीस असे सुचवितो की, जून महिन्यातील एका रविवारी उपासना आटोपल्यावर ह्या मुलामुलींस मंदिरातच बसवून घ्यावे. मंडळीतील शिंपी, शिक्षक, वायरमन, नर्सबाई, शेतकरी, दुकानदार ह्यांनी आपापल्या कामाचे तास, खरी मिळकत व खरे कष्ट सांगावे. बढाई नको व रडगाणेही नको. प्रचारकाने आपल्या पगाराचा आकडाही लपवू नये. आयांस अवश्य बोलवावे, कारण घरातला हिशेब त्यांसच ठाऊक असतो. प्रार्थना आरंभी करावी, म्हणजे शेवटी घाई होणार नाही. आणि मुलांना बोलू द्यावे. जो दाराच्या चौकटीस टेकून उभा असतो त्याला पुढच्या बाकावर जागा करून द्यावी.